दुसऱ्या हाकेनंतर

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले... पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई. वाचायचं, हसायचं आणि कुकर लावायला उठायचं. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे स्लाइडवर जे दिसतं तेवढंच खरं मानायची सवय. तेव्हा कमेंटमध्ये मला विज्ञान शिकवू नका, ते माझ्याकडे भरपूर होतं.

माझं माहेर काळाचौकीचं, मूळ गाव मालवणकडे. आम्ही तिघं – दादा, मी आणि धाकटा नंदू. नंदू मलेशियात लंकावी बेटावर एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. तिथून समोरचा थायलंडचा किनारा बोटीने सव्वा तासावर. सुट्टी मिळाली की हा पलीकडे सातूनला बाजार फिरायला जायचा. असाच एकदा सकाळच्या बोटीत चढला. सोबतच्या कुकने जेट्टीवरून त्याला हात केला. पलीकडे मात्र तो उतरलाच नाही. सीटखाली त्याची बॅग मिळाली. तो मिळाला नाही, बॉडीही नाही.

बॉडी नाही म्हणजे गेला म्हणता येत नाही, आणि आहे म्हणायलाही तोंड नाही. आई यातच झिजून गेली. चाळीतल्या लोकांना काय, फुकटचा विषय – "थायलंडला बायको केली असेल हो, मजेत असेल!" आईसमोर बसून, तिच्याच घरचा चहा पीत म्हणायचे. दादा तर क्रिया उरकायच्या मागे लागला. त्याच्या मुलाचं लग्न ठरत नव्हतं, कोणीतरी सांगितलं, घरातला माणूस अधांतरी आहे म्हणून अडतंय. मी आडवी आले. रिपोर्ट हातात नाही तर निदान कसलं करता? शेवटी म्हटलं, मी स्वतः जाऊन येते, मग काय ते ठरवू.

गेले. हॉटेलवाल्यांनी गोड बोलून चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी मी तीच सकाळची बोट पकडली. आत एसी, खिडक्या बंद, टीव्हीवर कसलातरी सिनेमा. मला गुदमरायला झालं म्हणून मागच्या छोट्या डेकवर जाऊन बाजूच्या कठड्याला धरून उभी राहिले. लख्ख ऊन होतं. शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मलेशियन बाई चिप्स खात होती. बाकी कोणी नाही. बेटं मागे पडली होती, आसपास दुसरी बोट नव्हती... आणि मागून आवाज आला.

"गो बायोऽ!"

मला बायो म्हणणारी जगात दोनच माणसं. एक आई, ती गेली. आवाज पुरुषाचा होता. नंदू हाक मारताना शेवट असा लांबवायचा की गल्लीच्या तोंडापासून आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा.

आता कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. माणूस डोळ्यांना दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, वळायचंही नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तर ते माणूस, कारण 'त्यांना' तिसरी हाक मारता येत नाही. आईने हे आमच्या अंगात इतकं भिनवलं होतं की दूधवालासुद्धा खालून तीनदा ओरडायचा आणि तिसऱ्यांदा आईला शिवी घालायचा. लग्नानंतर मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल केली.

"गो बायोऽ!" दुसऱ्यांदा. जवळून.

घशापर्यंत आलेली ओ मी गिळली. माझ्या हाताने गिळली असं म्हणा, तोंडावर हात दाबून धरला होता. एवढी शिकलेली बाई, इतक्या लांब ज्याच्यासाठी आले तो हाक मारतोय, आणि मी उभी राहून तिसरीची वाट बघतेय!

त्या बाईने माझ्या दंडाला हात लावला. हसत म्हणाली, "आंटी, युवर बॉय कॉलिंग यू."

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. तिने बोट दाखवलं तिकडे मी वळले. कठडा, आणि पलीकडे बोटीने कापलेलं पांढरं पाणी. त्या बाईचं हसू उतरलं, ती आणि मी दोघी तिथेच बघत राहिलो. मग मी ओरडले, "ओ! नंदू, ओ!" किती वेळ ओरडले कोण जाणे. बोटीवरच्या माणसांनी मला धरून आत नेऊन बसवलं.

तिसरी हाक आली नाही.

वारा म्हणाल, इंजिनाचा आवाज म्हणाल, मनाचे खेळ म्हणाल. सगळं स्वतःला सांगून झालंय. पण मालवणी हाक त्या परक्या बाईच्या कानात कशी शिरली, आणि मी वेळेवर ओ दिली असती तर पुढे काय झालं असतं, याचं उत्तर कुठल्या लॅबमध्ये मिळत असेल तर मला जरूर पत्ता द्या.

परत आल्यावर दादाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा मोकळा झाला. देवाला हात जोडून म्हणाला, "बरा झाला ओ नाय दिलंस ता. तो तुझ्या पाठीसून घराक इलो असतो."

मी म्हटलं, "अरे दादा, मग येऊ द्यायचा होता ना. आई दुसरं काय मागत होती?"