माय दुपारी गोठ्यात बसते

दोंडाईच्याच्या स्टेशनवर माझ्या वडिलांनी, आबांनी, माझी ड्रॉइंगची लांब नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. गाडी हलली तेव्हा कुठे त्यांनी ती खिडकीतून आत दिली आणि ओरडले, "शिकीसनी ये, मंग आपलं घर तूच बांधजो!" ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं फडकं मायनं पुन्हा घट्ट बांधलं होतं.

मी पुण्याला आर्किटेक्चर शिकले आणि घरही बांधलं. गावातून गेलेल्या आणि गावात राहिलेल्या सगळ्यांनो, मला पत्रकं लिहायची सवय आहे, म्हणून सरळ सांगते: त्या घराची मला लाज वाटते.

आमचं जुनं घर धाब्याचं. जाड भिंती मातीच्या आणि छतही मातीचंच. पावसाळ्याआधी आबा वर चढून खारी माती पसरायचे, की पाणी आत उतरत नसे. पहिल्या वर्षी कॉलेजात सांगितलं, ओळखीचं एक घर मोजून त्याचा नकाशा काढा. मी मैत्रिणीचा धुळ्यातला बंगला काढला. मातीचं घर शीटवर काढायला लाजले. पुढे पाच वर्षं आमच्या वर्गातला उन्हाळा पुण्याचाच होता. हवामान हा पर्यायी विषय, तोही शनिवारी. माझ्या गावच्या मे महिन्याचं काय, असं मी एकदाही विचारलं नाही. वर्गात तो मे माहीत असलेली मी एकटीच होते!

डिग्री मिळताच जुनं घर पाडलं. वर स्लॅब, पश्चिमेला भिंतभर काच. का, तर एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, उठून दिसतं. गोठा तेवढा जुना, मातीच्या छताचा राहिला. म्हशीला काय घाई?

नंतर माझे डोळे उघडले. पूर्ण नाही, सोयीपुरते. आता मी कॉलेजांच्या फाटकांवर पत्रकं वाटते: 'हवामान पर्यायी नाही!' पत्रकावर धाब्याच्या घराचा फोटो आहे. तो दुसऱ्या गावातला. आमचं मी पाडलं, हे कुठेच छापलेलं नाही.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कळवल्यापेक्षा एक दिवस आधी, भर दुपारी घरी पोचले. दाराला बाहेरून कडी. माय गोठ्यात सापडली. म्हशीशेजारी गोधडी टाकून डाळ निवडत होती, सोबत फुई, म्हणजे माझी आत्या.

"ये व पोरी!" फुई म्हणाली. "म्हैसले बंगला दिधा, अन् मायले भट्टी!"

"गप व," माय गडबडली. "घर चांगलं शे. मी म्हैसकरता बठस."

"हाव, म्हैसले एकटीले करमत नही!"

मी हसले नाही. मला तेव्हा कळलं की माय सगळे उन्हाळे इथेच काढते. मी येणार कळलं की तेवढे दिवस घरात बसते, पदरानं घाम पुसत, "गार लागस" म्हणत.

"सांगितलं का नाही?"

"तू इतली शिकेल शे," माय म्हणाली. "तुले मी काय सांगू?"

फाटकांवर उभं राहून मी प्राध्यापकांना जाब विचारते. त्या दुपारी जाब मी द्यायला हवा होता. जिला मातीचं छत कळत होतं, तिचं तोंड माझ्या शिक्षणानं बंद केलं.

सुट्टीत आबांनी आणि मी पश्चिमेची काच काढून विटा लावल्या. स्लॅबवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला. गोठ्यावर माती कशी टाकायची, ते आबांकडून शिकून घेतलं. उतार आधी तीनदा चुकला. पुढच्या पत्रकावर मी बांधलेल्या या घराचा नकाशा छापणार आहे, माझ्या नावासकट.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून पुण्यातल्या खोलीचा पत्ता सांगते. गावातलं घर बांधून व्हायचंय. एखाद्या मे महिन्यात मी न कळवता जाईन आणि माय गोठ्यात नाही, घरात बसलेली सापडेल, त्या दिवशी ते झालं असं म्हणेन.