पायरीवरचे बूट

"आधी बूट बघ," जॅनीन लेकीला सांगायची, "तोंड नंतर."

दार वाजलं की एफीनं धावत जाऊन ते उघडायचं नाही. गुडघ्यांवर बसायचं, दारात खालच्या अंगाला टपालाची फट होती तिची पितळी झडप बोटानं हळूच उचलायची आणि बाहेर कुणाचे पाय आहेत ते बघायचं. चिखलानं माखलेले असले तर डोंगरावरचा कुणी मेंढ्यांमागचा माणूस. उघड. पॉलिश केलेले असले तर श्वास रोखून बस. क्रॉसबेक गावात पॉलिश केलेले बूट लग्नाला दिसत नाहीतर मयताला, आणि त्यासाठी कुणी कुणाचं दार वाजवत नसे.

लोखंडाची खाण कधीच बंद पडली होती, पण खाणकामगारांच्या घरांच्या दोन ओळी टेकडीला तशाच चिकटून होत्या, एकमेकींकडे तोंड करून. खाली राखाडी समुद्र. पावसात ओढा अजून तांबडा वाहायचा. जॅनीनचा बाप त्याच खाणीत होता. तो गेला आणि मागे बूट राहिले, होडीएवढे मोठे, आणि त्यांच्या शिवणीतली खाणीची तांबडी माती कशानंही निघाली नाही.

एफीचा बाप कर्टिस घर सोडून गेला तेव्हा त्याची कर्जं मात्र इथंच राहिली. वसुलीची माणसं यायला लागली. तो इथं राहत नाही म्हटलं तर एकानं दारात पाय घातला, आणि मग आत कोण कोण आहे ते वाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी जॅनीननं शेडमधून बापाचे बूट काढले आणि पायरीवर ठेवले. सकाळी टोकं बाहेर, संध्याकाळी टोकं दाराकडे, जणू गडी आता कामावर निघेल, जणू नुकताच परत आला. दोन वर्षं ती रोज न चुकता बूट फिरवत होती. वसुलीवाले हळूहळू यायचे थांबले.

पुढं एफी जरा मोठी झाली, बूट पुन्हा शेडमध्ये गेले, आणि जॅनीन ते सगळं विसरली. एकट्या आईला सरकारी भत्ता देणाऱ्या ऑफिसनं मात्र विसरू दिलं नाही. वसंतात निकाल आला. त्या दोन वर्षांत तुझ्या घरात पुरुष राहत होता, तरी तू एकटीचा भत्ता घेतलास, तेव्हा जास्तीचं गेलं ते आता दर महिन्याला कापून घेणार. तिनं फोन केला. तासभर गाणं ऐकवल्यावर एक गोड आवाज आला. म्हणाला, शेजाऱ्यांकडून खात्री करून घेतलेली आहे.

शेजाऱ्यांकडून. तो शब्द तिच्या कानात कुसळासारखा राहिला.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपाचं काम करायची. आता पगार आणि कापलेला भत्ता मिळून महिन्याची अखेर कोरडीच जायला लागली. गॅसच्या मीटरचं आगाऊ पैसे भरायचं कार्ड रिकामं झालं की घर गार पडायचं, आणि दोघी अंगावर कोट घालून एका पांघरुणात बसायच्या. बटाटा-मटणाच्या भांड्यात मटण नसायचं, आणि एफीनं विचारलं की जॅनीन म्हणायची, मी शाळेतच जेवले. मुलांच्या ताटात उरलेलं घरी आणायला बंदी होती. ती ते रोज स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकायची.

पण थंडीपेक्षा संशय जास्त पोखरत होता. दुकानदार हसला तर का हसला. बसमध्ये दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या तर का झाल्या. फिरत फिरत तो संशय शेवटी आला आणि बसला हिल्डावर. भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी, विधवा, दर रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला जाणारी. तिच्याशिवाय इतक्या जवळून कोण बघणार? जॅनीननं तिची सफरचंदाची पाई तशीच परत पाठवली. एफीला तिच्याकडे जायची बंदी केली. कुंपणापाशी गाठ पडली तर "हिल्डा" म्हणायचं सोडून "मिसेस ब्रेथवेट" म्हणायला लागली. म्हातारीनं काही विचारलं नाही. ते न विचारणंसुद्धा जॅनीननं तिच्या खात्यावर मांडलं.

चॅपलच्या हॉलमध्ये गुरुवारी एक सल्ला देणारी बाई बसायची. ती म्हणाली, प्रकरण जुनं असलं तरी निकाल ताजा आहे, वर्षाच्या आत दाद मागता येते. फक्त रोज बघणारं कुणीतरी हवं, घरात पुरुष नव्हता हे सांगणारं. तुमच्या शेजारी कोण राहतं?

जॅनीन उठली. जिनं बुडवलं तिच्याच पाया पडायचं? मुदत जवळ येत गेली, पण तिनं शेजारचं दार वाजवलं नाही.

मग एका दुपारी दार वाजलं. ती सवयीनं गुडघ्यांवर बसली, झडप उचलली. समोर पोराचे बूट होते, तळवा जिभेसारखा लोंबणारा, आत पुठ्ठा, आणि पुठ्ठा भिजून लगदा झालेला. कुणाचं बिचारं लेकरू, असं तिच्या मनात आलं. मग वरून आवाज आला, "ममा, किल्ली विसरले गं."

जॅनीननं दार उघडलं. मग तिनं एफीला आत घेतलं, कोरडे मोजे दिले आणि तडक शेजारचं दार वाजवलं.

हिल्डा पीठ लाटत होती. जॅनीन उंबऱ्यातच उभी राहिली.

"मिसेस ब्रेथवेट, एकच विचारायचंय. माझी चौकशी करायला कुणी आलं होतं तुमच्याकडे?"

"आला होता की एक जण. झाली काही वर्षं."

"काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं, धिप्पाड गडी आहे घरात. उशिरा येतो, पहाटे जातो, आणि डोक्यानं जरा गरम आहे."

जॅनीन उंबरा ओलांडून आत आली. "का?"

"का म्हणजे?" हिल्डानं लाटणं खाली ठेवलं. "कपडे वाळत घालताना तूच नव्हतीस का म्हणालीस, परकं कुणी विचारायला आलं तर सांग घरात पुरुष आहे म्हणून? डोकं गरम तेवढं मी पदरचं घातलं."

जॅनीनला ती दुपार आठवली. वारा, तोंडात धरलेले चिमटे, आणि आपलेच शब्द. इतकं सरळ उत्तर तिला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं, त्यामुळं ते आधी खोटंच वाटलं.

"तो सरकारी होता, हिल्डा. कोण, कुठला, ते विचारलं का नाहीस?"

"कार्ड दाखवलं त्यानं. चष्मा आत होता. मग मी बूट बघितले, तू एफीला शिकवायचीस तसं. आरशासारखे चकाकत होते गं पोरी." म्हातारीनं हाताचं पीठ झटकलं. "आणि मी इतके महिने समजतेय, माझ्या पाईचंच काहीतरी चुकलं."

जॅनीननं भत्त्याचं सगळं सांगितलं आणि साक्ष द्यायला विचारलं. सरकारी माणसाला खोटं सांगितलं हे आता कबूल करायचं म्हटल्यावर हिल्डाचा चेहरा उतरला. माझं पेन्शन कापतील का, एवढंच तिनं विचारलं. जॅनीनला ते माहीत नव्हतं, आणि तसं तिनं सांगितलं. हिल्डानं पुन्हा लाटणं उचललं, कडा सारखी केली आणि म्हणाली, "लिहून देणार नाही. तोंडानं सांगेन. तू शेजारी बसायचं."

सुनावणी शहरात झाली. न्यायाधीशबाई शांत होत्या. ऑफिसच्या टिपणातलं त्यांनी वाचून दाखवलं, दारात पुरुषाचे बूट, सकाळी टोकं बाहेर, संध्याकाळी आत. मग हिल्डाकडे वळून विचारलं, घरात कुणी नव्हतं तर तुम्ही खोटं का बोललात?

"बाई," हिल्डा म्हणाली, "एकट्या बाईच्या शेजारी राहता आणि असा माणूस विचारायला येतो, तर तुम्ही खरं सांगाल?"

जॅनीन टेबलाखाली बघत होती. न्यायाधीशबाईंचे बूट मळके होते, आणि एक नाडी तुटून गाठ मारलेली. तिला जरा धीर आला.

दोघींना थोडा वेळ बाहेर बसवून, मग आत बोलावून त्यांनी निकाल फिरवला. कापणं बंद, कापलेलं परत. हिल्डाच्या पेन्शनचं कुणी नावही काढलं नाही. जॅनीननं मात्र पैसे खरंच जमा होईपर्यंत विश्वास ठेवला नाही, आणि जमा झाल्यावरही पहिल्यांदा एफीचे बूट घेतले, कुणाचं मन बदलायच्या आत.

सुनावणीहून परतताना बसमध्ये हिल्डानं तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "टोकं आत, टोकं बाहेर. ते मी नव्हतं सांगितलं. माझ्या घरातून तुझी पायरी दिसतच नाही." जॅनीनच्या लक्षात आलं. पायरी दिसते ती फक्त समोरच्या ओळीतून.

एका पावसाळी सकाळी जॅनीननं बापाचे बूट शेडमधून आणले, दोन जोड मोजे चढवून त्यात पाय घातले आणि कामाला निघाली. बूट मोठे होते. ओल्या उतारावर ते धप धप वाजत होते, आणि शिवणीतली तांबडी माती पावसानं जराशी सुटून मागे सांडत होती. तिनं वळून बघितलं नाही. हिल्डा दारात उभी राहून ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. समोरच्या ओळीत एक पडदा हलला. हिल्डानं तोही बघितला.