पान्हा आणि काठी

सौंसरला आमच्या माहेरच्या घराशेजारी एक म्हशीवाली राहायची. माणसांशी ती भांडणाच्या सुरात बोलायची आणि म्हशींशी लाडानं. छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, त्याच महिन्यात मी बाळंत झाले. लेक छातीला तोंड लावून नुसती किंचाळायची. खाटेभोवती आई, दोन आत्या आणि बोरगावची मावशी ठाण मांडून बसलेल्या. पुरुष ओट्यावर राज्यांच्या हद्दी वाटून घेत होते.

पाचव्या दिवशी म्हशीवाली दूध घालायला आली, जरा वेळ बघत राहिली आणि कडाडली, "चार चार जणी टकमक पाहून राहिल्या तं म्हैससुद्धा पान्हा चोरते! निघा बाहेर!"

आईसकट सगळ्यांना तिनं काठीनं हुसकलं. दार लावलं. मग माझी पाठ थोपटत, म्हशीपुढं म्हणायची तेच गाणं गुणगुणायला लागली. मला हसू फुटलं, अंग सैल पडलं, आणि लेक गटागटा प्यायला लागली.

खूश होऊन तिनं, पान्हा सोडलेल्या म्हशीला द्यायची तशी, ओच्यातली मूठभर सरकी सवयीनं माझ्या तोंडापुढं धरली. मग दचकून हात मागं घेतला.

मी मात्र तोंड उघडलं होतं.