दगड भाजणारी माणसं

दगडांच्या लॅबमध्ये कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, वीस वर्षांत इतके साठलेत की ऐकायला माणूस पुरत नाही! पूर्वी संध्याकाळी बायकोला सांगायचो. ती जाऊन तीन वर्षं झाली, आणि मुलगी पुण्यात, कायम घाईत. आता तुम्ही सापडलात, तर ऐका.

आमचं काम सोपं. तेलाच्या शोधात खणलेल्या विहिरीतला दगड कुटायचा, चिमूटभर पूड यंत्राच्या भट्टीत तापवायची, आणि काय निघतं त्यावरून सांगायचं, या दगडात तेल होण्याची कुवत आहे की नाही.

*

एकदा एका दगडाने कमालच केली. आलेख पार छताला! साहेब म्हणाले, "पाठक, वरती फोन लावतो!"

तेवढ्यात आमच्या तेलुगू केमिस्ट लक्ष्मी मॅडमनी पूड हुंगली. मग माझं डोकं हुंगलं. "पाठकगारू, खोबरेल चोपडून हातमोजे न घालता पूड भरलीत ना?"

साहेबांनी फोन खाली ठेवला.

*

ओले दगड मंद आचेवर वाळवायला आमच्याकडे ओव्हन आहे. लक्ष्मी मॅडम त्यात दही लावायच्या. काय घट्ट लागायचं! एकदा तपासणीला आलेल्या बड्या साहेबांनी नेमकं त्याचंच दार उघडलं. "हे कुठलं सँपल?"

सगळे गार. आमचे टेक्निशियन युसूफभाई शांतपणे म्हणाले, "काकीनाडे का है, सर. अभी कच्चा है."

बड्या साहेबांनी मान डोलावून दार लावलं!

*

जमिनीखाली फार तापलेल्या दगडातलं तेल कधीच निघून गेलेलं असतं. त्यावर आम्ही 'ओव्हरमॅच्युअर' असा शेरा मारतो. माझ्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला लॅबमधल्या पोरांनी केकवर तेच लिहून आणलं! मीही खूप हसलो. उरलेला केक नल्लकुंट्याला घरी नेला आणि चार दिवस एकट्याने खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण रडू आलं.

*

"पाठक सर रविवारीही येतात, केवढी निष्ठा!" असं माझं नाव आहे. कसली निष्ठा हो? रविवारी घर खायला उठतं. पण हे कुणाला कळू नये म्हणून शनिवारी मुद्दाम चार दगड मागे ठेवायचो.

गेल्या महिन्यात एका रविवारी दगड अकरालाच संपले. भट्टी स्वच्छ आहे का, हे बघायला आम्ही कधीकधी पुडीचं इवलंसं भांडं रिकामंच तापवतो. आलेख सपाट आला की झालं, एकदा पुरतं. मी एक लावलं. मग दुसरं.

जेवणाच्या वेळी युसूफभाई विसरलेला चष्मा न्यायला आले. टेबलावरचे कागद त्यांनी एकेक करून पाहिले. नऊच्या नऊ सपाट. माझे कान तापले. "मशीन जरा परेशान कर रही है," मी म्हणालो.

"हौ साब." त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "तुम लोगां खा लेओ. मशीन में बड़ा फॉल्ट है, मैं लेट आतूं."

मग स्टूल ओढून बसले आणि चिमट्यात एक रिकामं भांडं धरून माझ्यापुढे केलं.

"लगाओ साब."