नजर तिची, नाव माझं

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते चाऱ्याच्या गोळ्या वळायचं. दुपार होती. परातीत कणीक, भाजलेल्या चण्याचं पीठ अन् कुटलेली बडीशेप. ती मळत होती, मी वळत होतो. दुसऱ्या दिवशी कन्हान नदीवर छावणीच्या गोऱ्या साहेबांची गळ टाकायची शर्यत होती. ज्या साहेबाचा डोंगा, म्हणजे लहान होडी, मी हाकायचो, त्याच्या गळाला या गोळ्या लागायच्या.

तिनं माझ्या गोळ्या बोटानं उलट्यापालट्या केल्या.

"अवो, रोहूचं तोंड पाह्यलं का कधी? का लग्नाचे लाडू वळून राहिले?"

"मोठ्या मासोळीले मोठा घास नाही लागत का?"

"द्या इकडं. तुमाले ना मासोळी दिसत, ना गोळी."

तिनं माझी एकेक गोळी मोडून दोन-दोन केल्या. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "उरलेल्या तुमी वळा. पाठ टेकू द्या मले जराशी." अन् आत जाऊन पडली.

ती म्हणाली ते खरं होतं. मला दिसत नव्हतं. पुरा आंधळा नव्हतो. ताटातली भाकर दिसायची, माणूस आला-गेला कळायचं, पण चेहरा धुरातून पाहावा तसा. पाण्यात काय चाललं आहे ते तर काहीच दिसायचं नाही. मासोळ्या धरणाऱ्या ढिवराला पाण्यातलं दिसत नसेल तर त्यानं घरी बसावं. मी बसलो नाही. उलट सगळ्या घाटावर माझ्या नजरेचं नाव होतं. ते कसं, ते सांगतो.

फागुनात कन्हान उतरते. कातळावर गुडघाभर पाणी राहतं अन् त्या कातळाला शेवाळ धरतं. सकाळी ऊन पडलं की रोहू डोहातून उथळात येतो, शेवाळ खातो. डोकं खाली, शेपूट वर. शेपटीचा लालसर शेंडा दोन बोटं पाण्यावर येतो, हलतो, जातो. तेवढंच पाहायचं असतं. गळ त्याच्या तोंडापुढे हातभर पडला पाहिजे. जवळ पडला तर तो पळतो, लांब पडला तर त्याला पत्ता नाही.

यात एक गोम आहे. ऊन पाठीशी घ्यावं तर पाण्यातलं दिसतं, पण डोंग्याची सावली पुढे पडते. सावली अंगावर आली की रोहू गेला. ऊन तोंडावर घ्यावं तर सावली मागे राहते, पण पाणी चकाकतं अन् काहीच दिसत नाही. म्हणून आमच्यात जुनी रीत आहे. एकानं काठावर उंच जागी उभं राहून पाहायचं अन् पाण्यातल्याला हाक मारून सांगायचं. आमच्या घरी पाहायचं काम तिचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची नजर माझ्याहून चांगली. माझे डोळे गेले तसे मी तिच्याच डोळ्यांनी जाळं फेकू लागलो.

पण साहेबांच्या शर्यतीचा कायदा वेगळा. एका डोंग्यात एक साहेब अन् एक डोंगेवाला. काठावरून कोणी काही सांगायचं नाही. सांगितलं तर तो साहेब बाद.

पहिल्या साली मी कायद्यानं गेलो. ऊन पाठीशी घेऊन निघालो अन् तीन वेळा डोंगा माशांच्या अंगावर घातला. साहेब इंग्रजीत शिव्या देत होता, तेवढं कळत होतं. घरी आलो तर ही चुलीपाशी बसून हसत होती.

"हसतेस काहून वं?"

"हसू नको तं काय करू? सावली घेऊन मिरवून राहिले होते नदीत. मी पाह्यलं ना काठावरून."

मग तिनंच युक्ती काढली. घाटाच्या वरच्या अंगाला उंच दगडावर बाया धुणं धुतात. तिथून उथळ सगळं दिसतं. धुण्याच्या आवाजाला कोणी कायदा लावत नाही, अन् घाटाच्या मासोळ्या त्या आवाजाला लहानपणापासून सरावलेल्या असतात. एकदा आपटलं म्हणजे डावीकडे. दोनदा लागोपाठ म्हणजे उजवीकडे. आपटणं थांबलं म्हणजे मासा सरळ समोर. मी ऊन तोंडावर घ्यायचो, डोंगा ढकलायची बल्ली तळाला टेकवून रेती की कातळ ते हाताला ओळखायचो अन् कान काठाकडे ठेवायचो. आवाज थांबला की साहेबाला म्हणायचो, "सामने, साहेब. फेको."

त्यानंतर आमचा साहेब शर्यतीत हरला नाही.

साहेबाच्या खानसाम्याला शंका होती. तो काठावर शिदोरी घेऊन बसायचा. एकदा मला म्हणाला, "क्यों रे, तेरी औरत सुबह से एक ही लुगडा धोती है?"

"घर में दूसरा नहीं है," मी म्हणालो.

तो हसला अन् शिदोरीकडे वळला. पण मागच्या साली शर्यत संपल्यावर साहेबानं मला सगळ्यांसमोर बोलावलं. डोक्याला फेटा बांधला अन् मोठ्यानं म्हणाला, या म्हाताऱ्याची नजर बाज पक्ष्याची आहे. टाळ्या पडल्या. ती बायांच्या घोळक्यात उभी होती. मला दिसली नाही, पण होती. मी काय करावं? दोन्ही हात जोडले अन् मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती गरीब माणूस.

वाटेनं येताना मी तिला म्हणालो, "सांगतलं असतं तं साहेब बाद झाला असता. मंग डोंगा गेला असता हातचा."

"हाव. मले काय कळत नाही?"

खड्डा आला की ती माझा दंड धरायची. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "फेटा शोभते तुमाले." अन् मग, "पर एक डाव तरी सांगाचं होतं. बाकीच्या बाया मले म्हणे, तुह्या नवऱ्याची नजर पाह्य. मी हाव म्हणलं."

ती रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो अन् विसरलोही असतो. मी म्हणालो, पुढच्या साली सांगू. ती म्हणाली, बरं.

त्या दुपारी गोळ्या वळून झाल्या तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. बस झाल्या का विचारायला मी आत गेलो. ती कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. मी दोनदा हाक मारली. मग खाली बसून हात लावला.

लेकी आपापल्या घरी, लांब. शेजाऱ्यांनी सगळं केलं. दिवस मावळायच्या आत तिला नदीकाठी नेलं. मी अग्नी दिला. घरी आल्यावर शेजारची म्हातारी म्हणाली, "उद्या घराभाईर पडू नको गा. सुतक आहे. साहेबाले निरोप जाईल."

मी घरी बसलो असतो तर नुसता निरोप गेला असता. साहेबानं हळहळ केली असती अन् पुढच्या साली मला पुन्हा बोलावलं असतं. नजरेचं नाव तसंच राहिलं असतं. मी कधी हरलो असतो तर लोक म्हणाले असते, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं मन लागत नाही. कोणाला काहीच कळलं नसतं. हे सगळं मला तिथंच बसल्या बसल्या दिसलं. हे दिसायला डोळे लागत नाहीत.

सकाळी मी बल्ली घेतली अन् काठी टेकावी तशी टेकत घाटावर गेलो. साहेब, मडमा, शिपाई, सगळे जमले होते. खानसामा पुढे आला, म्हणाला, "आज भी आया? घर जा बाबा, साहब को मालूम है."

"साहेबासी बोलायचं आहे. तू सांग त्याले." अन् मी सांगितलं. मला दिसत नाही. मासोळी ती पाहायची. दगडावरून कपडे आपटून मला सांगायची. मागच्या साली अन् त्याच्याही आधीच्या सालांत. कायदा मोडला तो मी मोडला, साहेबाला माहीत नव्हतं. ऐकणारे लोक हसू लागले.

खानसामा साहेबाला सांगेना. मला हळूच म्हणाला, "दुख में आदमी कुछ भी बोलता है."

"हात वर कर," मी म्हणालो. "बोटं दाखव."

त्यानं दाखवली असतील. चार पावलांवर उभा होता.

"कितनी?" त्यानं विचारलं.

"मले हातच दिसत नाही. बोटं कोठून मोजू?"

लोक हसायचे थांबले. मग खानसाम्यानं साहेबाला सगळं सांगितलं, इंग्रजीत, बराच वेळ. दुसरे साहेब आपसात बोलू लागले. आमचा साहेब माझ्याजवळ आला. त्याच्या तंबाखूचा वास आला म्हणून कळलं.

"वो औरत," तो म्हणाला, "नाम क्या था?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात घास देताना घेतलं होतं, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर ती घरात असो, दारात असो, मी "वं" म्हणायचो अन् ती वळायची. आदल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून होती तेव्हाही मी "वं" अशीच हाक मारली.

मी नाव घेतलं. सवय नव्हती, नीट निघालं नाही.

"क्या?" साहेबानं विचारलं.

मी पुन्हा घेतलं. मोठ्यानं, वर दगडावर धुणाऱ्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग बल्ली खानसाम्याच्या हातात दिली अन् घरी आलो.