पोटमाळ्याचा वॉचमन

कतारगामात जिथे आमचं लूमचं खातं होतं, आम्ही माग चालवायचो तो कारखाना, तिथे आता लॉफ्टवाल्या फ्लॅटची सहा मजली बिल्डिंग आहे. मुलाने तिथेच घर घेतलं, आणि वॉचमन निघाला माझ्या शेजारच्या मागावरचा धुळ्याचा गडी! लॉफ्टला तो पोटमाळा म्हणतो. मागांच्या खडखडाटात कमावलेला आवाज असा, की इथे "या" म्हटलं तर पार लांबच्या चलथाण गावची माणसं निघतात.

"काका, धीमे बोलो, नहीं तो छुट्टी," सोसायटीच्या सेक्रेटरीने दम दिला.

तेव्हापासून गडी, खात्यात आवाज पोचेना तेव्हा बोलायचा तसा, नुसते ओठ हलवून बोलतो. परवा सेक्रेटरीला त्याने कडक सलाम ठोकला, ओठ हलवले.

"देखो, कितना नरम हो गया!" सेक्रेटरी मला म्हणाला.

ती अहिराणी शिवी मी कित्येक वर्षांनी ओठांवर वाचली, आणि डोळे भरून आले.