पातेल्याला कान लावणारी

बायको जाऊन चार महिने झाले. कॅन्टीनच्या पोरी म्हणाल्या, काका, मावशीच्या त्या स्पर्धेचं तुम्हीच लिहा, तुम्ही तिथं होता. मी गॅरेजमधला माणूस, चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. बोलतो तसंच टाइप करतोय, सांभाळून घ्या.

ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं स्वयंपाक करायची, रोज तीनशे माणसांचा. तिची एक खोड होती. एकदा भातावर झाकण ठेवलं की उघडायची नाही. झाला का नाही ते कानानं ओळखायची. आधी खदखद, मग बारीक बुडबुड, आणि पाणी आटलं की चिरचिर. चिरचिर आली की गॅस बंद. झाकण काढून बघ की म्हटलं तर म्हणायची, "झोपलेल्या पोराला उठवून विचारता का, झोप लागली का रे म्हणून?"

मग कॅन्टीनवाल्यांची देशपातळीवरची स्पर्धा निघाली. कॅन्टीनमध्ये चहा करणारी एक आहे, हिची मैत्रीण, दिवसातून तीनदा भांडायच्या दोघी. तिनं परस्पर हिचा फॉर्म भरून टाकला. अख्ख्या देशातून चाळीस निवडले, त्यात ही! पहिल्या दिवशी चाळीसातले दहा ठेवणार, बाकीच्यांनी घर गाठायचं. हिनं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले नाही तर इथं तोंड दाखवणार नाही."

मी म्हटलं, "अगं, जरा बेतानं बोल."

"तुम्ही गप्प बसा हो."

झालं. मी बॅग भरायला घेतली.

हॉल म्हणजे गोडाऊनएवढा. चाळीस टेबलं, चाळीस शेगड्या, पाठीवर नंबर. घरची माणसं दोरीच्या मागं खुर्च्यांवर. हिला सव्वीस नंबर. शेजारी उंच टोपीवाला एक पठ्ठ्या होता, त्याचा कांदा अर्धा कापून व्हायच्या आत हिचा कांदा फोडणीत लाल. तो काम सोडून हिचे हात बघत बसला. कोंबडी घातली, तांदूळ घातले, झाकण ठेवलं. मी मनात म्हटलं, आता काय, घरचंच काम.

तेवढ्यात लाउडस्पीकर सुरू झाला. गाणी काय, घोषणा काय, वर ते धूर ओढणारे पंखे घोंघों करतायत. ही पातेल्यावर वाकली. सरळ झाली. परत वाकली. ऐकूच येईना तिला काही. हात झाकणापर्यंत गेला आणि मागं आला.

मी उठलो तो थेट माइकवाल्याकडं. "साहेब, दहा मिनिटं गाणी बंद करा."

"का?"

"बायकोला भात ऐकायचाय."

त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला, खरं सांगतो. वॉचमननं दंडाला धरून मला खुर्चीवर आणून बसवलं.

तिथं बसल्यावर डोक्यात आलं. इंजिनात आवाज नेमका कुठून येतोय ते बघायला आम्ही लांब स्क्रूड्रायव्हर घेतो. टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला. बाहेर किती का गोंगाट असेना, आतलं सगळं दांड्यातून कानात येतं. ही त्यावरून मला कायम हसायची. "इंजिन काय कानात चहाड्या सांगतंय का?" म्हणायची.

मी खुर्चीवर उभा राहिलो आणि मूठ कानाला लावून हातवारे सुरू केले. तिला वाटलं कुणाचा तरी फोन आलाय. लांबूनच हातानं विचारते, कुणाचा? मी कपाळाला हात लावला. परत करून दाखवलं. मग तिची ट्यूब पेटली. लाकडी चमचा उचलला, एक टोक झाकणावर, दुसरं कानाला. डोळे मिटले तिनं.

मुख्य परीक्षक फिरत फिरत तिथंच आले. "बाई, हे काय चाललंय?"

हिनं डोळे न उघडता हात वर केला. "थांबा हो जरा. तो बोलतोय."

हॉल हसला. मी मनात म्हटलं बाईनं परीक्षकालाच गप्प केलं, आता बांधा गाठोडं. ते बिचारे हात मागं बांधून उभेच राहिले. मग हिनं टक करून गॅस बंद केला. वाढला तेव्हा दाणा न् दाणा सुटा.

निकालाला नऊ नंबर पुकारले, हिचा नाही. माझ्या बाहीचं बटण धरून बसली होती. दहावा पुकारला, सव्वीस! आणि बटण तिच्या हातात आलं. मला वाटलं उड्या मारेल. म्हणाली, "तुटलं की हो. द्या, घरी गेल्यावर लावते." ते लावायचं राहिलं ते राहिलंच. राहू दे.

दुसऱ्या दिवशी केक करायला लावला. हिनं जन्मात कधी केला नव्हता. चमचा लावून बघितला, पण ओव्हन मुका. केक बाहेर आला तो पंक्चर टायरसारखा. दहात दहावी आली आणि गाडीत बसून पोट धरून हसली.

कॅन्टीनमध्ये मात्र दारातनंच ओरडली, "देशात दहावी आले गं!"

सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. चहावाली कसली सोडते? "अगं, पण दुसऱ्या दिवशी होतेच किती? दहाच ना?"

"हो, दहाच. मग जा, अकराव्याला विचारून ये, घरी बसून काय करतोय."